कोरड्या गावातील हिरवी वेल : हौस आणि हमी

बंगळूरच्या पूर्वेकडील मारतहळ्ळी हे नावाप्रमाणे मुळात एक खेडे होते. कन्नडमध्ये ‘हळ्ळी’ म्हणजे खेडेगावच. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत मात्र आउटर रिंग रोड, माहिती तंत्रज्ञान कंपन्यांची संकुले आणि बहुमजली निवासी इमारती यांनी त्याचे रूप पार पालटले. नोकरीच्या व बदलीच्या निमित्ताने येथे स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांची संख्याही लहान नाही. अंगण, तुळशीवृंदावन, परसातील जाईचा मांडव या गोष्टी मागे राहिल्या, तरी हिरवाईची ओढ काही मागे राहत नाही. मग पश्चिमेचे ऊन येणाऱ्या गॅलरीला किंवा संकुलाच्या उघड्या कुंपणभिंतीला आडोसा म्हणून एखादी भराभर वाढणारी, फुलांनी लगडणारी, पाणी कमी मागणारी वेल लावावी, असा विचार साहजिकच पुढे येतो.

हा विचार योग्यच आहे. तथापि ‘भराभर वाढणारी’ आणि ‘पाणी कमी मागणारी’ हे दोन गुण ज्या वेलीत एकत्र येतात, तिच्याविषयी थोडी अधिक माहिती करून घेणे शहाणपणाचे ठरते. जे गुण बागेत सोयीचे असतात, तेच बागेबाहेर पडलेल्या वेलीला आवरेनासे करतात.

प्रवाळवेल : ओळख

बंगळूरच्या व महाराष्ट्रातील अनेक शहरांच्या भिंतींवर, फाटकांच्या कमानींवर गुलाबी फुलांचे घोस मिरवणारी एक वेल सर्वांच्या पाहण्यात असते. वनस्पतिशास्त्रात तिला ‘अँटिगोनॉन लेप्टोपस’ म्हणतात. रोपवाटिकांत ती ‘कोरल क्रीपर’ म्हणजे प्रवाळवेल या नावाने, तर कोठे ‘आइस्क्रीम क्रीपर’ या नावाने मिळते. ती मूळची मेक्सिकोची. शोभेची वेल म्हणून ती उष्ण कटिबंधातील बहुतेक देशांत पोहोचली. पाने हृदयाकृती व टोकदार, कडा किंचित लहरदार. फुलोऱ्याच्या टोकांना आधार पकडणारे नाजूक तणावे. आधार मिळाला, तर ती दहा मीटरपर्यंतही चढते. मधमाश्यांना तिची फुले अतिशय प्रिय असल्यामुळे मधुमक्षिकापालकही तिच्याकडे आपुलकीने पाहतात.

तिची खरी करामत मात्र मातीखाली असते. ही वेल मुळांवर गाठी, म्हणजे कंद धरते. आपल्या स्वयंपाकघरातील रताळे डोळ्यांसमोर आणले, म्हणजे ही व्यवस्था ध्यानात येते. पाऊसपाणी मुबलक असते तेव्हा पानांनी तयार केलेले अन्न वेल कंदांत साठवते. टंचाईच्या महिन्यांत पाने गाळून, प्रसंगी वरचा सारा भाग वाळू देऊन ती त्या ठेवीवर तग धरते. पुढच्या पावसाच्या पहिल्या सरी पडताच कंदांतून नवे कोंब फुटतात आणि शेजारच्या रोपांचे बी रुजण्यापूर्वीच ती भिंत व्यापून टाकते. बँकेच्या परिभाषेत सांगायचे, तर उन्हाळ्यात तिच्या चालू खात्यात काही दिसत नाही. पण मुदत ठेव सुरक्षित असते.

कोरडे हवामान हे कुंपण नव्हे

बंगळूरची हवा आल्हाददायक म्हणून प्रसिद्ध असली, तरी कर्नाटकच्या कृषि-हवामान विभागणीत हा प्रदेश ‘पूर्व शुष्क विभागा’त मोडतो. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरील या पठारावर वर्षाकाठी हजार मिलिमीटरांच्या आतबाहेर पाऊस पडतो. त्याचा मोठा वाटा मे ते ऑक्टोबर या काळात येतो, आणि त्यातही सप्टेंबर-ऑक्टोबरचा जोर अधिक. डिसेंबरपासून मार्चअखेरपर्यंत आकाश जवळजवळ कोरडे असते. त्यामुळे ‘उष्ण कटिबंधातील वेल इथे वाढून वाढून किती वाढणार?’ असा अनेकांचा समज होतो.

हा समज काही वेलींच्या बाबतीत खरा आहे. ‘मिकानिया मायक्रांथा’ ही अमेरिका खंडातून आलेली वेल केरळ, आसाम व ईशान्येकडील दमट प्रदेशात मळे आणि जंगले झाकून टाकते. तिला सतत ओलावा लागतो; कोरड्या पठारावर तिची मात्रा चालत नाही. अशा वेलीपुरता दुष्काळ हा खरोखरच पहारेकरी असतो.

प्रवाळवेलीची गोष्ट निराळी. दुष्काळ तिला मारत नाही, थांबवून ठेवतो. याचे ठळक उदाहरण म्हणजे कॅरिबियन समुद्रातील सेंट युस्टेशियस हे डच बेट. अवघ्या २१ चौरस किलोमीटरांच्या या बेटावर पाऊस बेताचाच पडतो. तरीही तेथे ‘कोरालिता’ या नावाने ओळखली जाणारी हीच वेल बागांतून बाहेर पडली. पडीक शेते, रस्त्यांच्या कडा, मोकळे भूखंड यांवर पसरली आणि बेटावरील सर्वांत त्रासदायक परकीय वनस्पतींत गणली जाऊ लागली. शाबूत जंगलात ती सहजी शिरत नाही. माणसाने जमीन उकरून, मोकळी करून सोडून दिली, की तेथे ती ठाण मांडते. रिकाम्या ‘साइट’, अर्धवट बांधकामे आणि खणलेल्या रस्त्यांनी भरलेल्या मारतहळ्ळीसारख्या उपनगराला हे वर्णन किती लागू पडते, हे सांगावयास नको.

दुसरे उदाहरण आपल्या अधिक ओळखीच्या वेलीचे आहे. दख्खनच्या कोरड्या पट्ट्यात कुंपणांवर आणि पडीक जागी जांभळट पांढऱ्या, कर्ण्यासारख्या फुलांची ‘विलायती वाखंडी’ आढळते. मादागास्करची ही दुधाळ वेल एकेकाळी तिच्या चिकापासून रबर मिळेल या आशेने देशोदेशी नेण्यात आली. दुसऱ्या महायुद्धात आग्नेय आशियातील रबर जपानच्या ताब्यात गेले, तेव्हा अमेरिकेने हैतीत तिची लागवडही करून पाहिली. पण तो प्रयोग फसला. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शोभेसाठी पोहोचली आणि तेथील कोरड्या मुलखात नद्यांच्या काठांनी लाखो हेक्टरांवर फैलावली. तिचा चीक विषारी असल्याने जनावरांनाही धोका निर्माण झाला. शेवटी १९९० च्या दशकात मादागास्करमधून तिच्यावर पडणारी तांबेऱ्याची बुरशी आणून, काटेकोर चाचण्यांनंतर तेथे सोडावी लागली. कोरडा प्रदेश असूनही हे घडले, कारण वेलीला साऱ्या मुलखात पाणी असण्याची गरज नव्हती. एक ओला ओढा तिला पुरेसा होता.

पाणी कोठून येते, कोठे जाते

मारतहळ्ळीच्या परिसरात असे ओले ओढे कोणते? बंगळूर शहर एका उंचवट्यावर वसलेले असून त्याच्या पश्चिमेकडील पाणी अर्कावती नदीमार्गे कावेरीकडे जाते, तर पूर्वेकडील पाणी दक्षिण पिनाकिनी नदीकडे वाहते. पूर्वेकडच्या या उतारावर पूर्वीच्या पिढ्यांनी तलावांची साखळी बांधली. एका तलावाचा सांडवा पुढच्या तलावात पडावा, अशी ती योजना होती. या तलावांना जोडणाऱ्या मोठ्या नाल्यांना कन्नडमध्ये ‘राजकालुवे’ म्हणतात. मारतहळ्ळीजवळचा सुमारे ९०० एकरांचा बेळ्ळंदूर तलाव याच साखळीत येतो. त्याचे पाणी वर्तूर तलावात आणि तेथून दक्षिण पिनाकिनीतून तमिळनाडूत जाते.

प्रवाळवेलीच्या दृष्टीने या रचनेला फार महत्त्व आहे. तिच्या फुलाला ज्या गुलाबी पाकळ्या वाटतात, त्या फूल सुकल्यावर गळून पडत नाहीत. कागदासारख्या होऊन त्या लहानशा तिधारी फळाला वेढून राहतात. हे हलके फळ पाण्यावर तरंगते. कुंपणावरून खाली पडलेले वाळके फूल म्हणजे पुष्कळदा प्रवासाला निघालेले बीच असते. गच्चीवरचे पाणी गटारात, गटाराचे राजकालुवेत आणि तेथून तलावात असा मार्ग तिच्यासाठी आयताच तयार आहे.

सप्टेंबर २०२२ च्या पहिल्या आठवड्यात बंगळूरमध्ये एका रात्रीत १३० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस कोसळला. आउटर रिंग रोड, बेळ्ळंदूर व मारतहळ्ळीचा परिसर जलमय झाला आणि रहिवाशांना होड्या व ट्रॅक्टर यांतून बाहेर काढण्याची पाळी आली. त्यानंतर दोन वर्षेही उलटली नाहीत, तोच २०२४ च्या उन्हाळ्यात कूपनलिका आटल्या. मार्च २०२४ मध्ये शहराच्या पाणीपुरवठा मंडळाने बागेसाठी पिण्याचे पाणी वापरण्यास मनाई करून ५,००० रुपयांचा दंड जाहीर केला. शंभर किलोमीटरांवरून आणि सुमारे पाचशे मीटर उंचीवर चढवून आणलेले कावेरीचे पाणी झाडांना घालणे परवडणारे नाही, हे त्यातून सर्वांना उमगले. ऑक्टोबर २०२४ मध्ये कावेरी योजनेचा पाचवा टप्पा सुरू झाल्यावर शहराच्या बाहेरील गावांना काहीसा दिलासा मिळाला. पण टंचाईने शिकविलेला धडा कायम आहे.

महापूर आणि टंचाई या दोहोंचा लाभ होणारी जी वनस्पती असते, तिच्याबाबत सावध राहावयास हवे. पूर तिचे बी पुढे नेतो. टंचाई तिचे स्पर्धक मारते. त्यात निवासी संकुलांतील शुद्धीकरण प्रकल्पाचे पाणी बागेला दिले जाते. ही पद्धत स्तुत्यच आहे; मात्र या पाण्यात नत्र व स्फुरद यांचे अंश राहतात. वर्षभर असे पाणी मिळालेल्या वेलीला दुष्काळ ठाऊकच होत नाही. निसर्गाने घातलेला एकमेव लगामही मग सुटतो.

फुलांसाठी आणले, पण...

शोभेची वनस्पती डोईजड झाल्याची उदाहरणे भारताला नवी नाहीत. घाणेरी अथवा टणटणी हे झुडूप १८०९ मध्ये कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात शोभेसाठी आणण्यात आले. आज ते देशातील दीड लाख चौरस किलोमीटरांहून अधिक वनक्षेत्रात पसरल्याचे अनुमान आहे. बंडीपूरसारख्या अभयारण्यांत गवताची जागा त्याने बळकावल्याने तृणभक्षक प्राण्यांची कुचंबणा होते. दक्षिण अमेरिकेतील जलपर्णी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिच्या जांभळ्या फुलांच्या मोहाने बंगालमध्ये आली. पुण्याच्या नद्यांप्रमाणेच बेळ्ळंदूर व वर्तूर तलावांनाही तिने वेढा घातला. सांडपाण्याने तिला खाद्य पुरविले आणि ती काढण्यासाठी वर्षानुवर्षे सार्वजनिक पैसा खर्ची पडला.

कोरड्या हवामानात आणखी एक भय असते, ते आगीचे. १९ जानेवारी २०१८ रोजी बेळ्ळंदूर तलावाच्या परिसरातील वाळलेल्या गवताने पेट घेतला, तेव्हा अग्निशमन दलाच्या मदतीला लष्कराच्या हजारो जवानांना यावे लागले. पावसाळ्यात माजून उन्हाळ्यात वाळणारी कोणतीही वनस्पती म्हणजे साठलेले सरपणच होय. भिंतीवरून विजेच्या तारांवर व ट्रान्सफॉर्मरवर चढलेल्या वाळक्या वेलींकडे या दृष्टीनेही पाहिले पाहिजे. रस्त्याकडेच्या वृक्षांवर चढलेली वेल त्यांचा सूर्यप्रकाश अडवते आणि वादळी पावसात त्यांच्या फांद्यांवरचा भार वाढवते.

तरीही परकीय तेवढे वाईट असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. संस्कृत काव्यांत जिचे मंडप वर्णिलेले आहेत, ती आपली माधवीलता रियुनियन बेटावर उरल्यासुरल्या शुष्क वनांचा घास घेत आहे. ईशान्य भारताची निळी थनबर्जिया क्वीन्सलँडमध्ये तण ठरली आहे. वेल जन्मतः सज्जन वा दुर्जन नसते. मायदेशी तिला आवरणारे कीटक, बुरशी व प्रतिस्पर्धी परदेशी तिच्यासोबत येत नाहीत. त्यामुळे जे काम तेथे निसर्ग करतो, ते येथे लावणाऱ्याने करावयाचे असते.

लावायचीच असेल तर

प्रवाळवेल घरी असेल किंवा लावण्याची इच्छाच असेल, तर पुढील पथ्ये पाळल्यास ती मर्यादेत राहू शकते.

पहिले पथ्य जागेचे. तिला मोकळ्या जमिनीत लावू नये. दीड-दोन फूट खोलीची सिमेंटची किंवा जाड मातीची कुंडी घ्यावी आणि ती फरशीवर, विटांच्या आधाराने उंच ठेवावी. कुंडीच्या तळाच्या छिद्रातून मुळे खाली उतरली, तर कुंडीचा काहीच उपयोग राहत नाही. म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी कुंडी हलवून पाहावी.

दुसरे पथ्य आधाराचे. स्वतंत्र जाळी किंवा तारांचा मांडव करून वेल त्यावरच चढवावी. शेजारचे झाड, विजेची तार आणि सामाईक कुंपण यांपासून किमान हातभर अंतर राखावे.

तिसरे पथ्य पाण्याचे. रोप रुजेपर्यंत पहिले काही आठवडे नियमित पाणी द्यावे. नंतर हात आखडता घ्यावा. माती बोटभर खोल कोरडी झाल्यावरच पाणी घालावे. भरपूर पाणी व खत दिल्यास पाने माजतात, फुले कमी येतात आणि कंद पोसतात. थोडी ओढ बसलेली वेल अधिक फुलते, हा माळ्यांचा अनुभव येथे उपयोगी पडतो.

चौथे पथ्य छाटणीचे, आणि ते सर्वांत महत्त्वाचे. घोसांचा रंग उतरू लागताच, तपकिरी होण्यापूर्वीच ते कापून घ्यावेत. त्यामुळे बी धरत नाही आणि नवा बहरही येतो. जानेवारीत सारी वेल वीतभर ठेवून छाटावी. दोन वर्षांतून एकदा कुंडी रिकामी करून जादा कंद काढून टाकावेत.

पाचवे पथ्य विल्हेवाटीचे. छाटलेल्या फांद्या, कंद व फुले गटारात, तलावाकाठी किंवा पलीकडच्या रिकाम्या साइटवर टाकू नयेत. फांद्या उन्हात कडकडीत वाळवूनच खतखड्ड्यात घालाव्यात. कंद खतात मुळीच घालू नयेत. ते चिरून कित्येक आठवडे फरशीवर वाळवावेत. परगावी जाणाऱ्या स्नेह्यांना कंद भेट देण्याचा मोहही टाळलेला बरा.

वेल हाताबाहेर गेली असल्यास नुसते वरचे वर कापून भागत नाही. कंद शिल्लक असेपर्यंत ती परत फुटते. पाऊस संपून माती भुसभुशीत असताना, म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, मुळांचा माग काढून कंद खणावेत. पुढच्या हंगामात फुटणारे कोंब दर पंधरा दिवसांनी उपटत राहावे. पाने नसली, की ठेवीत भर पडत नाही, केवळ काढणे चालू राहते. त्यामुळे दोन-तीन हंगामांत ती संपते. यात सातत्य हवे. एक पावसाळा दुर्लक्ष झाले, तर खाते पुन्हा भरते. निवासी संकुलांत हे काम एका घराचे नसून रहिवासी संघाचे आहे, कारण भिंत सामाईक असते आणि भिंतीपलीकडचा नालाही.

दुसरे पर्याय

ज्यांना इतकी निगा राखणे शक्य नाही, त्यांच्यासाठी दुसऱ्या वेलींची वाण नाही. गुळवेल ही या पठाराचीच रहिवासी. ती अत्यल्प पाण्यावर जगते. जाई-जुईला निगा लागते, पण त्या आपली मर्यादा सहसा ओलांडत नाहीत. गोकर्णीची निळी व पांढरी फुले पूजेलाही चालतात. शेंगा वेळेवर तोडल्या, की तिचा पसारा आटोक्यात राहतो. जागा मोठी असेल, तर माधवीलता तिच्या या मायदेशी निःशंक लावावी. आणि ज्यांना सावली केवळ काही महिन्यांपुरती हवी आहे, त्यांनी घोसाळी, दोडका, पडवळ, कारले किंवा वाल यांचा मांडव घालावा. भाजी मिळते, हंगाम संपताच वेल वाळते आणि जागा पुन्हा मोकळी होते.

रोपवाटिकेत किंवा लालबागच्या पुष्पप्रदर्शनातून वेल निवडताना म्हणून तीन प्रश्न अवश्य विचारावेत : तिला कंद किंवा जमिनीखालून पसरणारी मुळे आहेत काय? तिचे बी वाऱ्याने वा पाण्याने दूर जाते काय? आणि ती दुसऱ्या एखाद्या कोरड्या प्रदेशात डोईजड झाल्याची नोंद आहे काय? तिन्हींचे उत्तर ‘होय’ असेल, तर तिच्या देखभालीचा भार पेलण्याची तयारी आहे का, हे आधी ठरवावे.

रोपाची किंमत विकत घेणारा देतो. वेल कुंपणाबाहेर गेल्यावर होणारा खर्च मात्र तलाव साफ करणारे, नाले उपसणारे आणि वाहत्या पाण्याच्या खालच्या अंगाला शेती करणारे अनोळखी लोक सोसतात. कर्ज दुसऱ्याचे असले, तरी जामिनावर सही करणारा आपली जबाबदारी जाणून असतो. वेल लावणारा हा तिचा असाच जामीनदार होय. हे भान ठेवून लावलेली वेल कोरड्या उन्हाळ्यात गॅलरीला गारवा देईल आणि पावसाळ्यात कोणाच्या तलावाला भारभूत होणार नाही.